अनुभव धागा: एक्स-रे चांगला आला, मग गुडघा का दुखतोय?

गेल्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटजवळ पावसात गाडी घसरली. पाय टेकून सावरायला गेले तर गुडघा आत वळला. एक्स-रे काढला, "हाड शाबूत आहे, मुका मार" म्हणून गोळ्या मिळाल्या. आठ दिवसांनीही जिना उतरता येईना. दुसऱ्या डॉक्टरांनी घोटा धरून पाय हलकेच बाहेर रेटला आणि लगेच सांगितलं, आतल्या बाजूचा लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी) अर्धवट फाटलाय. ऑपरेशन नाही, सहा आठवडे बिजागरीचा पट्टा. एक्स-रेत लिगामेंट आणि गादी (सांध्यातली कुर्चेची चकती) दिसतच नाही, एवढंही मला ४१ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं काय झालं, कसं ओळखलं, परत मांडी घालून कधी बसलात, लिहा. दवाखान्यांची नावं नकोत.

कंग्राळीचा गडी

वय २४. यात्रेच्या कुस्ती मैदानात ढाक हा डाव मारायला गेलो. पंजा लाल मातीत रुतलेला, अंग फिरलं, पाय फिरला नाही. 'कट्' असा आवाज आला, कडेला बसलेल्या दादानंपण ऐकला. दोन तासांत गुडघा नारळाएवढा. वस्तादांनी बर्फ लावला, ते बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी हाडवैद्याकडे नेलं, त्यानं गरम तेल लावून चोळलं. सूज डबल झाली. त्याला काय बोलणार, आम्हीच पाय पुढं केलेला.

महिन्यानं सूज गेली. सरळ पळायला काही त्रास नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वळलो की मात्र गुडघा निसटायचा. तीन महिन्यांनी सरावात परत तेच, आणि यावेळी पाय अर्धा वाकलेलाच अडकून बसला. सरळच होईना.

डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवून एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. चांगला पाय टक्‌कन थांबला. दुखरा पाय थांबतच नव्हता, नुसता पुढं येत होता. मला स्वतःला जाणवलं. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या मधोमधचा लिगामेंट) तुटलेला, शिवाय गादीचा मोठा तुकडा सांध्यात अडकलेला. पहिल्या वेळी फक्त लिगामेंट गेला असावा, त्या ढिल्या गुडघ्यावर खेळून गादी मी घालवली.

दुर्बिणीतून गादी शिवली, मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून नवा लिगामेंट बसवला. सहा आठवडे ९० अंशांच्या पुढं वाकवायचं नाही. पहिला व्यायाम काय, तर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा. हजार बैठका मारणारा मी, आणि त्याला घाम फुटला. टेपनं मोजलं तर मांडी तीन सेंटिमीटर बारीक झालेली. आता सातवा महिना. नऊ महिने होऊन ताकदीच्या चाचण्या पास होईपर्यंत आखाड्यात पाय ठेवायचा नाही. वस्ताद रोज विचारतात, "काय करूलालास गा?" काय सांगू, टॉवेल दाबूलालोय.

खानापूरहून

आई ५८ वर्षांची. रोपलावणीत चिखलातून पाय उपसताना गुडघ्यात चमक भरली. सूज लगेच नव्हती, दुसऱ्या दिवशी आली. बेळगावला नेलं तर तिथली नर्स म्हैसूरकडची. तिनं "मंडी नोवा?" विचारलं, आईनं "मांडी नाही गं, गुडघा!" म्हणून वाद घातला. कन्नडात मंडी म्हणजे गुडघाच, हे कळेपर्यंत आख्खी रांग हसत होती.

एमआरआयमध्ये "गादी फाटली" असं आल्यावर एकांनी लगेच दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख दिली. दुसऱ्यांनी आधी विचारलं, गुडघा अडकतो का? नाही. मग म्हणाले, या वयात झिजेनं फाटलेली गादी बऱ्याच जणांच्या एमआरआयमध्ये दिसते, न दुखणाऱ्यांच्यासुद्धा. आधी तीन महिने नेमानं व्यायाम करा, ऑपरेशननं त्याहून जास्त फायदा होईलच असं नाही. खुर्चीत बसून पाय सरळ करणं, धरून अर्ध्यापर्यंत उठबस, वजन चार किलो कमी. खाली बसून भांडी घासणं बंद केलं, कट्टा बांधून दिला. यंदा लावणीला गेली नाही, बांधावर उभी राहून सगळ्यांना बोलणी मात्र लावली.

निपाणीची आई

मुलगी १५ वर्षांची, खो-खोत वळताना वाटी बाहेर सरकली. बघवत नव्हतं. शिक्षिकेनं धीर देत पाय हळूहळू सरळ करायला लावला, वाटी आपोआप जागेवर. तरी एक्स-रे काढलाच, हाडाचा टवका उडालेला नाही ना ते बघायला. नंतर पट्टा आणि व्यायाम. बस.

शहापूर, फिजिओथेरपिस्ट

रोज हेच बघतो म्हणून लिहितो. सूज कधी आली ते नक्की आठवून सांगा. दोन-चार तासांत टम्म फुगला तर आत बहुधा रक्त असतं, एसीएल किंवा हाडाचा संशय घ्यायचा. रात्र उलटून आली तर गादीकडे बघायचं. मार लागल्यावर चार पावलं टाकता येत नसतील, ९० अंश वाकत नसेल, नुसत्या वाटीवर किंवा बाहेरच्या बारीक हाडाच्या टोकावर दाबून दुखत असेल किंवा वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, तर एक्स-रे हवाच. गुडघा अडकला, पाय गार किंवा बधिर पडला, ताप येऊन गुडघा लाल-गरम झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं नको. कंग्राळीकरांचं वाचून परत हळहळलो.

संकेश्वरचा

पैशाचंही बोला की. भावाला कोल्हापूरला नेलं तर काउंटरवर "तुमचं रेशनकार्ड कर्नाटकचं, योजनेत बसत नाही." महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, पण त्या यादीत गाव आहे का आणि कागद कोणते, हे आम्ही आधी विचारलंच नव्हतं. दोन खेपा झाल्या. इकडं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे, त्यात सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ही विचारणा करा.

धागाकर्ती

काल पट्टा सुटला. देवापुढे मांडी घालून बसले, उठताना मात्र लेकाला हाक मारावी लागली. खानापूरकर, कट्ट्याची उंची किती ठेवलीत?