मदत हवी आहे : ‘मोल्सवर्थ’ आडनावाबद्दल

नमस्कार मंडळी. मराठी शब्द अडला की आपण ज्यांचा १८३१ सालचा कोश उघडतो, त्या जेम्स मोल्सवर्थ यांच्या आडनावाचाच शोध घेतोय.

इंग्लंडात केंब्रिजशायरमध्ये मोल्सवर्थ नावाचं छोटं गाव आहे. जुन्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, म्हणून ‘मूल नावाच्या माणसाचं आवार’. ‘मूल’ म्हणजे खेचरही, त्यामुळे ते मुळात टोपणनाव असावं असं मला वाटतं. आपल्या पुणेकर-सातारकरांसारखंच हे गावावरून पडलेलं आडनाव, फक्त ‘कर’ नाही!

तिथेही हे आडनाव विरळाच. आयर्लंडच्या उमरावांत आणि कॉर्नवॉलमध्ये मोल्सवर्थ घराणी आहेत. कोशकार त्यांपैकी कुठले? १८८१च्या ब्रिटिश जनगणनेतून आडनावाचा प्रसार कुणी शोधलाय का? कसा शोधायचा, कृपया सांगा.