ऱ्हस्व-दीर्घाच्या खेळात पूर्ण गुण, वहीत मात्र तीच चूक

प्रश्न : खडूफळा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीला एकत्र शिकवते. दोन्ही वर्गांची मिळून २२ मुले आहेत. लोकवर्गणीतून मिळालेला एक टीव्ही आणि माझा स्वतःचा मोबाइल, एवढीच आमची साधने. जूनपासून शुद्धलेखनाच्या तासाला मी टीव्हीवर प्रश्नमंजूषेचा खेळ घेते. पडद्यावर एकाच शब्दाची दोन-तीन रूपे दिसतात, गट त्यांतले बरोबर रूप सांगतात, टाळ्यांचा आवाज होतो आणि गुणफलक पुढे सरकतो. मुले या तासाची आतुरतेने वाट पाहतात.

अडचण अशी की, ज्या मुलांना खेळात दहापैकी नऊ-दहा गुण मिळतात, तीच मुले त्याच आठवड्यात वहीत 'फुल', 'दुध', 'बहिण' असे लिहितात. त्याहून मला लागलेली गोष्ट म्हणजे, पूर्वी 'विहीर' हा शब्द न चुकता लिहिणारी एक मुलगी आता लिहिता लिहिता थांबते आणि विचारते, "बाई, यातली हि की ही?" खेळ बंद करावा, की त्याची रीत बदलावी?

उत्तर १ : उपान्त्य

खेळ बंद करू नका, पण चुकीची रूपे पडद्यावर दाखवणे आजपासून थांबवा. जेकोबी आणि हॉलिंग्सहेड या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये इंग्रजी शब्दांबाबत असे दाखवले होते की, चुकीचे लिहिलेले शब्द नुसते वाचल्यानेही वाचणाऱ्याचे स्वतःचे लेखन बिघडते. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा शिक्षकांना हे कुणी वेगळे सांगायला नको. मार्च महिन्यात मला स्वतःलाच 'परीक्षा' लिहिताना शंका येत असे. तुमच्या त्या मुलीच्या डोळ्यांसमोर तुम्ही 'विहीर' आणि 'विहिर' सारख्याच आकारात, सारख्याच रंगात ठेवले. तिचा गोंधळ होणारच.

दुसरी गोष्ट मराठीची स्वतःची आहे. आपल्या रोजच्या बोलण्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद कानाला भरवशाने ऐकू येत नाही, त्यामुळे 'ऐका आणि लिहा' या पद्धतीचे खेळही येथे अपुरे पडतात. मुलाला आधार लागतो तो नियमाचा, आणि सुदैवाने तो नियम खेळण्याजोगा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या १४ नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली (१९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली), त्यांच्यानुसार अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराच्या आधीच्या अक्षराचा, इकार-उकार दीर्घ असतो आणि सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे जे रूप होते त्यात, तो ऱ्हस्व होतो : दूध – दुधात, तूप – तुपात, बहीण – बहिणीला, जमीन – जमिनीवर, विहीर – विहिरीत.

माझ्या वर्गात याचा 'जोडीदार' नावाचा खेळ होता. एका गटाने फळ्यावर 'दूध' लिहायचे, दुसऱ्या गटाने लगेच त्या शब्दाला प्रत्यय लावून पूर्ण वाक्य लिहायचे : 'दुधात साखर घाल.' दोन्ही रूपे बरोबर आली तरच दोन्ही गटांना गुण. एक चुकले तर कुणालाच नाही. त्यामुळे मुले समोरच्या गटाची चूक व्हावी म्हणून टपून बसत नाहीत, उलट खडू हातात घेतलेल्याला सावध करतात. 'मंदिर', 'गुण', 'विष' यांसारखे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द मात्र महिनाभर तरी बाजूला ठेवावेत, कारण 'मंदिर – मंदिरात' अशी जोडी आली की नियम नुकता हाती आलेले मूल पुन्हा गोंधळते. अपवाद नंतर शिकवता येतात.

उत्तर २ : काना_मात्रा

मी शिक्षक नाही. मुलांसाठी छोटी ॲप्लिकेशने तयार करतो. वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एक तांत्रिक इशारा जोडतो, कारण बाजारात मिळणारे बरेच शब्दखेळ इंग्रजीसाठी रचून नंतर मराठीत आणलेले असतात. असा खेळ शब्दाचे तुकडे संगणकाच्या सोयीने पाडतो. 'विद्यार्थी' हा शब्द मुलाच्या दृष्टीने वि-द्या-र्थी असा ३ अक्षरांचा आहे, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, त्याची १० चिन्हे होतात, आणि त्यांत हलन्ताचे चिन्ह, काना, वेलांट्या हे सारे सुटे मोजले जाते. मग पडद्यावर एका चौकटीत एकटी वेलांटी लटकताना दिसते आणि 'र्थी'चा रफार कुठे गेला, ते मुलाला कळत नाही. युनिकोडच्या १५.१ या २०२३ मधील आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला, परंतु जुन्या पद्धतीने लिहिलेले खेळ अजूनही तसेच वापरात आहेत. कोणताही खेळ वर्गात नेण्यापूर्वी त्यात 'विद्यार्थी', 'शिक्षण' आणि 'दऱ्या' हे तीन शब्द घालून पाहा. तिन्ही नीट दिसले, तरच पुढे जा.

एकच मोबाइल असेल तर प्लिकर्स हे प्रश्नमंजूषेचे ॲप उपयोगी पडेल. मुलांकडे फक्त छापील कार्डे असतात. कार्डाची कोणती बाजू वर धरली, त्यावरून उत्तर ठरते, आणि तुमच्या मोबाइलचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरे एकदम टिपतो. त्यात चार रूपे देण्याऐवजी 'दू' अक्षर झाकलेला शब्द आणि शेजारी दुधाच्या पेल्याचे चित्र द्या, आणि एवढेच विचारा : झाकलेला उकार ऱ्हस्व की दीर्घ? चुकीचे रूप एकदाही डोळ्यांसमोर येणार नाही. कार्ड खाली ठेवल्यावर प्रत्येकाने तो शब्द पाटीवर लिहायचा.

उत्तर ३ : पाटीपेन्सिल

एक गोष्ट वरच्या दोन्ही उत्तरांत सुटली आहे. आमच्या शाळेतील निम्मी मुले घरी 'पानी', 'लोनी' असेच बोलतात. ती मुले 'न' लिहितात तेव्हा ती आपले बोलणे प्रामाणिकपणे कागदावर उतरवत असतात. अशा उत्तरावर कर्कश भोंगा वाजवणारा खेळ मी तीन दिवसांत बंद केला, कारण तिसऱ्या दिवशी त्यांतली काही मुले हातच वर करीनाशी झाली. न-ण आणि श-ष यांचे खेळ घेताना आवाज बंद ठेवावा, ही माझी विनंती आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : खडूफळा

सर्वांची आभारी आहे. गेले तीन आठवडे पडद्यावरचे पर्याय काढून टाकले आहेत आणि 'जोडीदार' सुरू केला आहे. पहिल्या दिवशी टाळ्यांचा आवाज नाही म्हणून मुले नाराज झाली, पण फळ्यापाशी खडूसाठी झालेली ओढाताण पाहून माझी काळजी मिटली. 'दूध – दुधात', 'तूप – तुपात' या जोड्या आता वहीतही बऱ्याच अंशी बरोबर येतात. 'बहीण' अजून चुकते. टीव्हीवरचा जुना खेळ तीन शब्दांच्या कसोटीत 'दऱ्या' या शब्दाशीच अडकला. पडद्यावर 'दर्‌या' असे काहीतरी उमटले. भोंग्याचा आवाज तर त्याच दिवशी बंद केला.

एक शंका राहते. तिसरीच्या मुलांना 'सामान्यरूप' हा शब्द अजून माहीत नाही, म्हणून मी 'प्रत्यय लागला की वेलांटी आखडते' असे सांगते. 'मुलगी – मुलीला' या जोडीशी एका मुलाने मला काल अडवले, कारण तेथे वेलांटी दीर्घच राहते. त्याला शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीचे अक्षर यांतला फरक खेळातूनच कसा दाखवावा?