मदत हवी आहे: दोन खोल्यांचं घर, पावसाळा आणि पीकसंरक्षणाची बंदूक

काजूवाला:

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं गाव, थोडी काजू-आंब्याची बाग. घरात एकनळी बाराबोअर आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर रीतसर अर्ज करून ती माझ्या नावावर करून घेतली. कागदांची अडचण नाही, अडचण जागेची आहे.

वाटणीत आमच्याकडे ओटी, अर्धं माजघर आणि मागची पडवी आली. भिंती जांभ्याच्या. पश्चिमेची भिंत जूनमध्येच गार पडते आणि आषाढात तिला बुरशी धरते. इतकी वर्षं बंदूक माजघरात दोन खुंट्यांवर, चामड्याच्या कव्हरात असायची आणि काडतुसं बाबांच्या ट्रंकेत, कपड्यांखाली. आता घरात दोन लहान मुलं आहेत, गणपतीत माणसांना पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे हे असं चालणार नाही.

ओटीच्या टोकाला भिंतीतलं एक जुनं फडताळ आहे. त्याच्यासमोर अडीच-तीन हात जागा निघते. तिथेच साफसफाईला फळी, वर तेल-सळया, आणि खाली बंदूक, काडतुसं असं सगळं बसवावं असा विचार आहे. फडताळाच्या पलीकडच्या बाजूला चूल आहे, म्हणून भिंत कोरडी असते. शेजारचे काका म्हणतात काडतुसं तांदळाच्या पिंपात ठेव, तांदूळ ओल ओढून घेतो. बाबांचा आग्रह खोबरेल तेलाचा. कोणी असं लहान जागेत केलंय का?

खाडीपल्याड:

सगळं एका फडताळात नको, एवढं आधी. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. परवान्याच्या वेळी हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र दिलं असेल, ते एकदा काढून वाचा.

चुलीची भिंत बंदुकीला चालेल, काडतुसांना अजिबात नाही. त्यांना रोज तापून रोज गार होणारी जागा वाईट. माजघर घराच्या मधोमध असतं, तिथली आतली भिंत बघा. लोखंडी कपाटाचा लॉकर असेल तर उत्तम. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा म्हणजे मागून हवा खेळते. काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि डबा जमिनीवर न ठेवता वरच्या कप्प्यात.

तांदळाचं पिंप राहू दे. तांदळात आधीच ओल असते, शिवाय पिंप दिवसातून दोनदा उघडतं, आणि काडतुसात शिसं असतं. ज्यातून भात रांधायचा त्यात ते कशाला?

तेलपाणी:

चामड्याचं कव्हर पहिल्यांदा बाजूला करा. कोकणातल्या बंदुकांचं वाटोळं गंजाने जितकं झालंय, त्यातलं निम्मं त्या कव्हरांनी केलंय. चामडं ओल धरतं आणि कमावताना लागलेले क्षार नळीला लागतात. कव्हर फक्त बागेत नेण्यापुरतं. आत स्पंज असलेल्या पेटीचंही तेच.

खोबरेल: बाबांना दुखवू नका, पण लावू नका. थंडीत थिजतं, उन्हाळ्यात खवट होतं आणि खटक्याच्या आत चिकट राप बसतो. मग घोडा अर्धवट पडतो. शिलाई मशीनचं पातळ तेल कुठेही मिळतं, पातळ हात द्यायचा. जास्त ओतलं तर ते नळीतून खाली उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. म्हणून तेल दिल्यावर पहिली रात्र नळीचं तोंड खाली करून उभी ठेवायची, खाली जुनं फडकं.

पावसाळ्यात कपडे बुरसू नयेत म्हणून कपाटात झिरोचा बल्ब लावतात ना, तो बंदुकीच्या कप्प्यात लावा, मस्त काम करतो. मात्र त्या कप्प्यात एकही काडतूस नको, म्हणजे खाडीपल्याड म्हणाले तेच.

फळीबद्दल: बिजागऱ्या लावून भिंतीला मिटणारी करा. कडेला दोन इंग्रजी व्ही आकाराचे खाचे आणि त्यांत जुन्या घोंगडीचे तुकडे. काम सुरू करायच्या आधी नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून उघडून बघायची, बोट घालून बघायचं, आणि त्या वेळी काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत कुलपात. सळई मागून घालायची, तोंडाकडून नाही. पितळी ब्रश, मग जुन्या लुगड्याच्या सुती चिंध्या, काळी यायची थांबेपर्यंत. त्या चिंध्या पोरांच्या हाती लागू देऊ नका, त्यांत शिसं असतं. हात साबणाने धुवायचे.

आमच्याकडे आजोबांची ठासणीची होती, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक. तिचं वेगळं. काळ्या दारूचा राप हवेतली ओल ओढतो, म्हणून वाजवल्याच दिवशी कोमट साबणाच्या पाण्याने धुवून, सुकवून, तेल. दुसऱ्या दिवशी बघू म्हटलं की नळीत तांबडा गंज.

वेंगुर्ल्याचा:

जाता जाता एक. रिकामी काडतुसं साठत असतील तर ती घरीच भरून घेता येतात. अमेरिकेत लोक गॅरेजमध्ये टेबलाला छोटा प्रेस लावून भरतात, व्हिडिओ ढिगाने आहेत. तुमच्या त्या मिटणाऱ्या फळीवर सहज बसेल. खर्चही वाचेल.

जुना परवानेदार:

वेंगुर्ल्याचे साहेब, इथे कोणाला फसवू नका. तिकडचं तिकडे. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. कलम ३ बाळगण्याचं आणि कलम ५ बनवण्याचं, दोन्हींचे परवाने वेगळे. पीकसंरक्षणाचा कागद हातात आहे म्हणून दारूगोळा बनवायची मुभा मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. व्हिडिओवाले तुमच्या वतीने कोर्टात उभे राहणार नाहीत. आणि कायदा क्षणभर सोडा. दोन खोल्या, मध्ये चूल, देव्हाऱ्यात निरांजन, आणि फळीवर सुटी दारू! चार काजूंसाठी?

काजूवाला, तुम्हाला त्यापेक्षा कामाची गोष्ट सांगतो. बंदूक जुनी असेल तर नळीखालचा शिक्का भिंगातून वाचा. जुन्या बाराबोअरची खोबणी, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच असते. आता दुकानात सर्रास मिळतं ते ७० मिलिमीटरचं. न उडालेलं ७० चं काडतूस त्या खोबणीत आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडायला पुढे जागा नसते, दाब वाढतो आणि जुन्या नळीला ते सोसत नाही. बसलं म्हणजे चालतं असं समजू नका. शिक्का वाचता आला नाही तर परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याकडे न्या.

ट्रंकेतली जुनी काडतुसंही तपासा. पितळेवर हिरवट कळंक चढला असेल किंवा कागदी पुंगळी फुगली असेल तर ती वापरायची नाहीत. उन्हात वाळवायची नाहीत, उकलून बघायची नाहीत, विहिरीत-खाडीत तर नाहीच नाही. परवानाधारक दुकानदाराला विचारून किंवा ठाण्यात नोंद करून जमा करा.

काजूवाला:

सगळ्यांचे आभार. घरी भरण्याचा विषय बाबांनीच काल मोडीत काढला, "त्यापेक्षा थाळी वाजव" म्हणाले. तसंही बंदूक आमच्याकडे माकडं हाकायला हवेत वाजवण्यापुरतीच. जनावरावर झाडायची तर वनखात्याची परवानगी लागते, त्या वाटेला आम्ही जात नाही.

शिक्का वाचला. आकडा ६५ आहे! दुकानदाराला आता तेवढंच सांगतो. ट्रंकेत सात-आठ काडतुसं कळकलेली निघाली, ती वेगळ्या डब्यात बाजूला ठेवली आहेत.

एक राहिलं. निवडणुका लागल्या की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. मागच्या वेळी परत मिळाली तेव्हा नळीवर बाहेरून गंजाची खडी होती. तिथे बल्ब कोण लावणार?

तेलपाणी:

त्याला तेल पुरत नाही. जमा करायच्या आदल्या दिवशी नळीला आतून-बाहेरून ग्रीसचा जाड थर, त्यावर मेणकागद, दोरा. दस्त्याला ग्रीस नको. नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका, आत ओल अडकते आणि काढायला विसरलात तर पहिल्याच बाराला नळी फाटेल. घरी आणल्यावर ग्रीस पूर्ण पुसून, नळीतून उजेड बघूनच पुढचं.

जुना परवानेदार:

आणि पावतीवर हत्याराचा क्रमांक, सोबत "नळी गंजरहित" असं लिहून घ्या. जमादार कुरकुरतात, पण लिहितात. देताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

काजूवाला:

छान. फळीला फणसाचं लाकूड घरात पडलंय, तेच लावतो. सुतार नागपंचमीनंतर येतो म्हणालाय.