आपत्तीतील सहकार्याचे जाळे आधीच विणून ठेवता येते का?

धागाकर्ता:
११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमध्ये अडकलेल्या सुमारे पाच लाख लोकांना फेरीबोटी, टगबोटी आणि खासगी नौकांनी सुमारे नऊ तासांत पाण्यावाटे बाहेर काढले. अशा स्थलांतराची योजना कोणीही आखलेली नव्हती. तटरक्षक दलाने रेडिओवरून सर्व उपलब्ध नौकांना बोलावले, तोवर कित्येक नौका स्वतःहून धक्क्याला लागल्या होत्या. पहिल्या तासांतले जाळे गरजेतून आणि जुन्या ओळखींतून जुळते, म्हणून यंत्रणेने त्यावर आपली उतरंड लादू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
उदाहरण मान्य, निष्कर्ष नाही. ते नौकाचालक रोज त्याच बंदरात वावरत होते आणि काम एकच होते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातील आचेहमध्ये शेकडो संस्था उतरल्या, तेव्हा एकाच वस्तीची पाहणी अनेकांनी केली आणि काही वस्त्यांकडे कोणी फिरकलेच नाही. म्हणूनच २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पाणी, निवारा, आरोग्य अशी क्षेत्रे वाटून प्रत्येकासाठी प्रमुख संस्था नेमली. केवळ ओळखीवर चालणाऱ्या जाळ्यात ज्याची ओळख नाही, तो उपाशी राहतो.

धागाकर्ता:
त्याच रचनेचे २०१० च्या भूकंपानंतर हैतीत काय झाले, तेही पाहावे. समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या, पहारा असलेल्या तळावर आणि बहुतांशी इंग्रजीत होत. क्रिओल आणि फ्रेंच बोलणाऱ्या स्थानिक संस्था त्यांपासून दूरच राहिल्या. ज्यांना गल्ली न् गल्ली ठाऊक होती, त्यांनाच बैठकीत जागा नसावी, हे मला फार गंभीर वाटते.

प्रतिसाद २:
दोघेही जाळ्याचा एकेकच क्षण पाहत आहात. आरंभी शेजारी शेजाऱ्याला ढिगाऱ्यातून काढतो. मग पथके, निधी आणि नोंदवह्या येतात आणि जाळ्याचे केंद्र शेजाऱ्यांकडून यंत्रणेकडे सरकते. खरा धोका त्या सरकण्यात आहे, कारण दोन्ही बाजूंना ओळखणारा दुवा बहुधा एकच माणूस असतो आणि त्याची बदली झाली की, कोणत्या वस्तीत इन्सुलिन लागणारे रुग्ण आहेत, ही माहितीही त्याच्यासोबत जाते. त्यामुळे प्रत्येक दुव्यामागे दुसरा माणूस आधीपासून तयार हवा, आणि सरावाला स्थानिक मंडळींना पाहुणे म्हणून नव्हे, तर निर्णयाचा अधिकार देऊन बोलवायला हवे.

प्रतिसाद १:
अधिकार देण्यास माझी हरकत नाही. मात्र मदत चुकीच्या ठिकाणी गेली, तर जाब कोणाला विचारायचा, हे त्याच सरावात ठरले पाहिजे.