ताडपत्री सगळीकडून बांधू नका हो

वर एकांनी लिहिलंय की पावसात ओल आणि गारठा नको म्हणून तबेला चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद केला आणि आता घोडा खोकतोय. अहो आधी ती ताडपत्री वरून हातभर तरी सोडवा, झड येते त्या बाजूला पत्रा पुढे काढा पण हवा अडवू नका. घोड्याला गारठा सोसतो, कोंडलेली हवा नाही सोसत, आणि त्याला तोंडाने श्वास घेताच येत नाही, फक्त नाकाने. आपण उभ्याने वास घेतो आणि म्हणतो ठीक आहे, पण घोडा खाली मान घालून खातो तिथे गुडघ्यावर बसून बघा, डोळे चुरचुरले तर तो मुताचा अमोनिया, ओलं अंथरूण रोज काढायलाच हवं. दमट हवा वर जाते म्हणून आढ्याला फट ठेवा, वर पत्र्याची टोपी म्हणजे पाऊस आत येणार नाही. माथेरानसारख्या पावसात गवताला बुरशी लवकर धरते, तसं गवत देऊच नका, चांगलंही भिजवून द्या. आणि झाडलोट घोडा बाहेर काढूनच, धूळ खाली बसेपर्यंत आत नेऊ नका प्लीज. एवढं करूनही खोकला राहिला तर डॉक्टरांना लगेच दाखवा, थांबू नका.