अनुभव धागा: बालवर्गातलं काम, काय आवडतं आणि काय नको वाटतं

अडीच ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर रोज काम करणाऱ्यांसाठी हा धागा. आवडतं काय आणि नको वाटतं काय, ते लिहाच. पण ते कसं करता, कुठे बिघडतं आणि का, हेही लिहा. मुलं गोड असतात आणि काम दमवणारं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. नव्याने या कामात येणाऱ्याला उद्या सकाळी वर्गात उपयोगी पडेल असं काहीतरी इथून मिळावं.

—

नको वाटणाऱ्या गोष्टींपासूनच सुरुवात करते. "तो खेळतोय तोवर मी हळूच सटकते" असं म्हणणारे पालक. मूल मान वळवून बघतं, तर आई नाही. दुसऱ्या दिवसापासून ते खेळतच नाही, दाराकडे डोळे लावून बसतं. आपण खेळायला लागलो की आई नाहीशी होते, एवढंच ते त्यातून शिकलेलं असतं.

आमच्या तीन वर्षांच्या गटात रुळवण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिले दोन दिवस एक तास, पालक वर्गातच, पण एका ठरलेल्या खुर्चीवर. पालकांनी स्वतः खेळवायचं नाही. मूल खुर्चीपर्यंत येऊन पुन्हा खेळायला जाईल, तेवढं पुरे. तिसऱ्या दिवशी पालक सांगून बाहेर जातात आणि पंधरा मिनिटांत परत येतात. मग अर्धा तास, मग एक तास. निरोप एका मिनिटाचा: एकदा जवळ घ्यायचं, एक वाक्य बोलायचं आणि मुलाचा हात ताईच्या हातात द्यायचा. वाक्यात घड्याळ नको. "अकरा वाजता येते" याचा तीन वर्षांच्या मुलाला काहीच अर्थ लागत नाही. "खाऊ झाला, गोष्ट झाली की येते" हे कळतं. आणि मग त्या वेळी यायचंच. दारातून परत फिरून "अगं रडू नको ना" केलं की रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ताईनेही "रडू नको" म्हणू नये. "आई गेली, वाईट वाटतंय. गोष्ट झाली की ती येणार आहे" एवढं म्हणून शेजारी बसायचं. बहुतेक मुलं दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. दोन-तीन आठवडे उलटूनही दिवसभर रडणं, पाणीसुद्धा न पिणं चालू असेल, तर मुलाचे तास कमी करायचे. त्याला तसंच रेटायचं नाही.

— लहान गटाची ताई

—

आवडीचं: मळलेल्या पिठाची माती आणि रंग. या दोन्हींचा पसारा होतो अशी तक्रार ऐकू येते. खरं तर पसारा होतो तो तयारी कमी पडल्यामुळे.

मातीचं प्रमाण दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि पाऊण ते एक वाटी गरम पाणी असं आहे. गरम अशासाठी की मीठ नीट विरघळतं, नाहीतर गोळा हाताला खरखरीत लागतो. पाणी एकदम ओतायचं नाही. खायचा रंग घालायचा असेल तर पाण्यातच कालवायचा, कारण मळल्यावर घातला तर रेघा राहतात आणि हात रंगतात. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे गोळा दुसऱ्या दिवशी चिकट होतो. तेव्हा चमचाभर मैदा लावून पुन्हा मळायचा. भेगा पडायला लागल्या तर हात ओला करून मळायचा. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि आठवड्याने टाकून द्यायचा. कच्चं पीठ आणि एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही, म्हणून ज्याला सगळं तोंडात घालायची सवय आहे त्याच्या शेजारी मोठं माणूस हवंच. गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर अख्ख्या गटासाठी दुसरं पीठ वापरायचं, कारण पिठी हवेत उडतेच. हातावर ओरखडा असेल तर मिठाने झोंबतं. आधी हात बघून घ्यायचे.

गोळा मुलाच्या दोन मुठींएवढा द्यावा. लिंबाएवढ्या गोळ्याने मूल फक्त चोळत बसतं. साचे आणि लाटणं पहिली दहा मिनिटं मांडायचंच नाही. साचा दिसला की मूल छाप काढतं आणि थांबतं. साचा नसेल तर ते थापतं, वळतं, चिमटे काढतं, आणि मग अचानक "ही गोगलगाय आहे" असं जाहीर करतं. आधी वळलं आणि नंतर नाव दिलं, हा क्रम या वयात अगदी बरोबर आहे. म्हणून "काय बनवतोयस?" असं विचारायची घाई करू नये.

रंगाच्या प्रत्येक वाटीत एकच ब्रश, जाड आणि आखूड दांड्याचा. पोस्टर कलर सायीएवढा दाट असावा. पातळ केला की कागदावरून ओघळतो आणि मूल हिरमुसतं. त्यात भांडी घासायच्या द्रावाचे चार थेंब टाकले तर कपड्यांवरून सहज निघतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नाव कागदाच्या मागे, रंगवायच्या आधी लिहायचं. नंतर ओल्या कागदांच्या ढिगात कोणाचं कुठलं, हे कळत नाही आणि मूल मात्र आपलं चित्र विसरत नाही.

— रंगकामाची टेबलं सांभाळणारी

—

कोड्यांचे हरवलेले तुकडे. रोजची कटकट. उपाय पाच मिनिटांचा आहे: प्रत्येक कोड्याच्या सगळ्या तुकड्यांमागे एकच खूण. एकावर लाल ठिपका, दुसऱ्यावर निळा त्रिकोण. जमिनीवर तुकडा सापडला की चार वर्षांचं मूलसुद्धा तो योग्य डब्यात टाकतं.

— मधला गट

—

मला सगळ्यांत जास्त आवडतं ते मुलांचं बोलणं, आणि सगळ्यांत जास्त खुपतं ते मोठ्यांनी ते सुधारत बसणं.

"बाबा ऑफिसला जाला." "मी सगळं करलं." "मावशी येली." बारकाईने ऐका. "पळाला", "बसली", "धरलं" यांवरून मुलाने नियम स्वतः शोधून काढला आहे आणि तो "जा", "कर", "ये" या धातूंनाही लावला आहे. "गेला", "केलं", "आली" ही रूपं नियमाबाहेरची. ती कानावर पडून पडूनच बसतात. "जाला नाही, गेला म्हण" असं म्हटलं की मूल गप्प होतं किंवा बोलायचा विषयच सोडून देतं. त्यापेक्षा त्याचंच वाक्य नीट करून पुढे न्यायचं: "हो का, बाबा ऑफिसला गेला? कशाने गेला?" रूप कानावर पडलं, आणि संभाषणही चालू राहिलं.

उच्चारांचंही असंच. "काका"चा "ताता" आणि "गाडी"ची "दाडी" सहसा चौथ्या वर्षापर्यंत सुटते. "र"ला त्याहून वेळ लागतो. "लंग" म्हणणारं चार वर्षांचं मूल घरच्यांना काळजीचं वाटतं, पण त्यात विशेष काही नाही. याच वयात काही मुलं शब्दाच्या सुरुवातीला अडखळतात: "मी-मी-मी पण". डोक्यात बरंच असतं आणि तोंड मागे पडतं. "सावकाश बोल" म्हणू नका. तुम्हीच सावकाश बोला, त्याच्याकडे बघा, वाक्य पुरं होईपर्यंत थांबा. सहा महिन्यांहून जास्त चाललं, किंवा बोलताना चेहरा आणि मान ताणली जायला लागली, तर वाचातज्ज्ञाला दाखवायला सांगा. आणि बोलणं उशिरा येतंय असं वाटलं तर आधी कानांची तपासणी. ती पायरी फार लोक गाळतात.

— मोठा गट, भाषेची शिक्षिका

—

चावणं, ढकलणं, ओरबाडणं कोणालाच नको असतं. पण "हा मुलगा चावरा आहे" असं म्हणून मिटवलं की पुढचा चावा ठरलेलाच. एका कागदावर दोन आठवडे चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, कुठे, कोण शेजारी होतं, त्याआधी काय चाललं होतं. जवळजवळ नेहमी काहीतरी हाती लागतं. खाऊच्या आधीचा अर्धा तास. मांडणी आणि भिंत यांच्यातली अरुंद जागा. आठ मुलांत एकच लाल गाडी. आणि रांग! हात धुवायला सगळ्यांना एकदम उभं केलं की शेवटच्या मुलाला आठ-दहा मिनिटं काहीही न करता थांबावं लागतं. त्या वयात ते जमत नाही, म्हणून हात पुढच्याच्या पाठीत जातो. तीन-तीन मुलं पाठवा, बाकीची गोष्ट ऐकत बसू दे. अर्धी भांडणं तिथेच संपतात.

प्रत्यक्ष चावल्यावर आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जायचं. जागा साबण-पाण्याने धुवायची, गार ओलं फडकं ठेवायचं, कातडी फाटली असेल तर डॉक्टर. मग चावणाऱ्याला खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, एकच वाक्य: "चावलं की दुखतं. गाडी हवी असेल तर 'मला दे' म्हण." ज्याला बोलता येत नाही त्याला हात पुढे करायला शिकवायचं. जबरदस्तीची माफी नको. मूल "सॉरी" म्हणतं आणि पुन्हा चावतं, कारण दुसरा मार्ग कोणी दाखवलेलाच नसतो. पालकांना घडलेलं त्याच दिवशी सांगायचं, पण दुसऱ्या मुलाचं नाव घ्यायचं नाही.

— दोन्ही गटांत काम करणारी मदतनीस ताई

—

वरच्या लाल गाडीवर थोडी भर. तीन वर्षांच्या गटात "वाटून खेळा" चालत नाही. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये खेळाचे जे टप्पे मांडले, त्यांत शेजारी बसून तोच खेळ आपापला खेळणं हा एक वेगळाच टप्पा आहे. या गटातली बरीच मुलं तिथेच असतात. त्यांच्यासाठी सारख्या तीन गाड्या वेगवेगळ्या सहा गाड्यांपेक्षा उपयोगी. चार-पाच वर्षांच्यांना तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ द्या. वाळू खाली पडताना दिसते, म्हणून थांबणं सोसतं.

— नाव नको

—

बूट आणि जाकीट. पंधरा मुलं, तीस बूट. बाहेर जायच्या आधीची ही वीस मिनिटं मला अजिबात आवडत नसत. आता आवडतात.

एक मोठा चित्राचा स्टिकर मधोमध कापायचा. डावा अर्धा डाव्या बुटात टाचेच्या जागी, उजवा उजव्यात. बूट शेजारी ठेवल्यावर चित्र जुळलं की पाय बरोबर जाणार. जाकीट जमिनीवर उलगडून, आतली बाजू वर, गळा मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि जाकीट डोक्यावरून मागे टाकायचं. गळा पायांकडे नसेल तर ते उलटं अंगात येतं. चूक नेहमी तिथेच होते. चेन लावताना तळाची जोडणी आपण करायची आणि वर ओढायचं काम मुलाचं. शेवटची पायरी मुलाकडे ठेवली की "मी घातलं" हे खरं ठरतं.

बटणाच्या घट्ट पँट घालून पाठवू नका, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मूल खेळात रमतं, शेवटच्या क्षणी धावतं आणि बटण निघत नाही. बऱ्याच "अपघातां"चं कारण एवढंच. कोरडं राहायला लागलेलं मूल अचानक रोज ओलं व्हायला लागलं, तर रागावण्याआधी बद्धकोष्ठ आहे का ते विचारा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं.

— मधल्या गटाचा शिक्षक

—

घसा आणि कंबर. मुलांच्या आवाजावर आवाज चढवला की मुलंही चढवतात. त्यापेक्षा वर्गाच्या मध्यावर जाऊन, एकेका मुलाच्या जवळ, हळू बोला. कमरेतून वाकू नका, एक गुडघा टेकून बसा. मूल उचलताना आधी त्याला छातीशी धरा, मग उठा.

— बारा वर्षं याच कामात

—

पाण्याचं टब. दोन सारखे पेले, एक उंच अरुंद बाटली, एक पसरट वाडगा, एक नरसाळं. पाणी टबात चार बोटं. जास्त भरलं तर अंगावर येतं, आणि उथळ पाण्यापाशीही मोठं माणूस सतत हवं. काम झालं की टब लगेच रिकामं.

दोन पेल्यांत सारखं पाणी, हे चार वर्षांचं मूल मान्य करतं. त्यातला एक त्याच्या डोळ्यांदेखत उंच बाटलीत ओतला की ते म्हणतं, "यात जास्त." परत पेल्यात ओतलं की, "आता सारखं." पुन्हा बाटलीत, "जास्त." ज्याँ पियाजे यांचा हा प्रयोग प्रसिद्ध आहे. समजावून सांगून उत्तर बदलत नाही. साधारण सहा-सातव्या वर्षी तेच मूल म्हणतं, "तेच तर पाणी आहे!" तोवर आपण फक्त ओतायला भांडी द्यायची.

मोजण्याचंही तसंच. वीसपर्यंत म्हणून दाखवणाऱ्या मुलाला "मला चार ठोकळे दे" म्हणा. ते मूठभर देतं. किंवा पाच मोजून झाल्यावर "मग किती आहेत?" विचारा, ते पुन्हा एकपासून सुरू करतं. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, हे अजून बसलेलं नसतं. तेव्हा शंभरपर्यंत पाठ करून घेण्यात काही हशील नाही. प्रत्येक खुर्चीपुढे एक पेला ठेवायला सांगा, रोज.

— मोठा गट

—

मला नको वाटतं ते तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन अक्षरं गिरवून घेणं. मनगटात आठ लहान हाडं असतात. या वयात एक्स-रे काढला तर त्यांतली सहसा तीन-चारच दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असतात. त्या हाताला हवं असतं ते फडकं पिळणं, कागद फाडणं, ड्रॉपरने पाणी उचलणं, कातरकाम. कात्री बोथट टोकाची. कागदाची दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी द्या, म्हणजे एका चापात तुकडा पडतो आणि यश लगेच दिसतं. सरळ रेघ त्यानंतर, वळण शेवटी. कागद जरा जाड हवा. पातळ कागद पात्यांमध्ये दुमडतो. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताची कात्री द्या, साधी कात्री त्याच्या हातात कापत नाही आणि रेघही पात्याआड जाते. रंगकांड्या मोडून तीन सेंटिमीटरचे तुकडे करून ठेवा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो.

— पालकांना हे रोज समजावणारी

—

आवराआवर. "चला, सगळे आवरा" म्हटलं की कोणीच हलत नाही, कारण "सगळं" म्हणजे कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. पाच मिनिटं आधी एकदा सांगायचं. मग एका मुलाला एकच काम: "निळे ठोकळे या टोपलीत." प्रत्येक टोपलीवर आतल्या वस्तूचा फोटो, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. मांडणीवर एका वेळी दहा-बारा वस्तूच ठेवा, बाकीच्या कपाटात, दर आठवड्याला बदला. अर्धवट राहिलेला मनोरा मोडायला लावू नका. एक ट्रे ठेवा, त्यात मुलाच्या नावाची चिठ्ठी, मनोरा उद्यापर्यंत तसाच. दुसऱ्या दिवशी बरीच मुलं आधी त्या ट्रेकडे जातात, आईचा हात सोडून.

— लहान गट, दुपारची पाळी