रसरसून जगणाऱ्या माणसांचे चित्रपट सुचवावेत

रंकाळाकाठ
राजारामपुरीतील आम्ही काही निवृत्त मंडळी महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेताना त्यावर बोलतो. यंदाच्या पावसाळ्यासाठी रसरसून जगणाऱ्या माणसांचे चित्रपट निवडायचे ठरले आहे. मात्र आजारपण, मरण, पैशांची ओढाताण यांकडे डोळेझाक करून गोडगोड बोलणारा चित्रपट नको, कारण आमच्यापैकी प्रत्येकाने यातले काही ना काही सोसलेले आहे. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ काहींनी सुचवला. त्यातील स्पेनचा प्रवास देखणा आहे, परंतु जगण्याची गोडी लागायला इतक्या लांब जावे लागते का, असा प्रश्न निघाला. आपली आवड कारणासह सांगावी.

शाहूपुरीचा वाचक
हृषिकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ (१९७१) सर्वांनी पाहिलेला असेल, तरीही तो यादीत हवाच. आपल्याला कर्करोग आहे हे नायकाला सुरुवातीपासून ठाऊक असते, त्यामुळे आपली अट तिथेच पूर्ण होते. या वेळी एक जागा मुद्दाम पाहावी. आनंद वाटेत दिसेल त्या अनोळखी माणसाला ‘मुरारीलाल’ म्हणून हाक मारतो आणि लोक गोंधळतात किंवा चिडतात. जॉनी वॉकर यांनी रंगवलेला ईसाभाई मात्र जराही न गडबडता त्यालाच ‘जयचंद’ म्हणून जुन्या दोस्तासारखा बोलू लागतो. मैत्री करण्याची आनंदची ही तऱ्हा नेमकी ओळखणारा माणूस त्याला अखेर भेटतो, आणि मला हा प्रसंग चित्रपटातील गाजलेल्या संवादांहून अधिक मोलाचा वाटतो.

प्रभातप्रेमी
कोल्हापूरकरांनी ‘माणूस’ (१९३९) विसरू नये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली आपल्याच गावात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. हा चित्रपट पुण्यात झाला असला, तरी दिग्दर्शक व्ही. शांताराम घडले ते इथेच, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट सुखान्त नाही, पण प्रेम विफल झाले म्हणून आयुष्य मातीमोल करण्याची बाजूही ती घेत नाही. ‘कशाला उद्याची बात’ हे गाणे आपण सगळेच गुणगुणतो; चित्रपटात ते जिच्या उद्याची काहीच शाश्वती नाही अशा मैनेच्या तोंडी आहे, आणि म्हणूनच शांता हुबळीकर यांचे त्यातील हसू उथळ वाटत नाही.

मंगळवार पेठ
दोन्ही सूचना उत्तम आहेत, पण दोन्ही चित्रपट काळीज पिळवटतात. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) त्यांच्या मध्ये ठेवावा. घरातील सामान विकले जाते, दृष्टी जाते की काय अशी वेळ येते, तरीही नंदू माधव यांचे फाळके कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढताना कॅमेऱ्याने टिपण्यात रमलेले असतात, आणि सरस्वतीबाई व मुले त्या वेडात आनंदाने सामील होतात. एखाद्या कामाचा ध्यास हीच जगण्याची हौस असू शकते, हे इतक्या प्रसन्नपणे सांगणारा दुसरा मराठी चित्रपट मला आठवत नाही.

शाहूपुरीचा वाचक
कामाचा विषय निघाला आहे, तर कुरोसावा यांचा ‘इकिरू’ (१९५२) हा जपानी चित्रपटही घ्यावा. वर्षानुवर्षे कागदांवर शिक्के मारणारा वृद्ध अधिकारी, मरण जवळ आल्याचे कळल्यावर, मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी कचेरीतले एकेक टेबल चिकाटीने पालथे घालतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना तो विशेष भिडेल.

रंकाळाकाठ
सर्वांचे आभार. पहिल्या रविवारी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, पुढे ‘माणूस’ आणि ‘आनंद’ असा क्रम ठरवतो. ‘इकिरू’ पाहण्याची फार इच्छा आहे, परंतु गटातील दोघांना पडद्यावरची उपशीर्षके वाचणे जड जाते. कोणी तरी शेजारी बसून संवाद मराठीत सांगत गेले, तर रसभंग होईल का? कोणाला असा अनुभव असल्यास जरूर लिहावे.